शेवभाजीच्या घरातला म्हातारा

७ एप्रिल, सोमवार

नवी वही सुरू केली. जुनी कुठे ठेवली ते सापडत नाही, आणि सापडली तरी मी मागची पानं वाचत नाही. दीपनगरला पॉवर हाऊसच्या कंट्रोल रूममध्ये जन्म गेला. तिथली रीत अशी, की शिफ्ट संपली की समोरच्याला म्हणायचं, "चार्ज दिला." तो म्हणणार, "चार्ज घेतला." मग मागे वळून न बघता घरी जायचं. पण तो जोवर "घेतला" म्हणत नाही तोवर खुर्ची सोडायची नाही, मग पोराला ताप का असेना. ही सवय अंगात इतकी मुरलीय की कालचं आज उकरायला मला आवडत नाही.

आता जळगावात, मुलाकडे, तिसऱ्या मजल्यावर. स्वप्नील बँकेत आणि सूनबाई सारिका शाळेत, दोघं सकाळी कामाला निघाले की दाराला बाहेरून कुलूप घालतात. कॉलनीत चोऱ्या वाढल्यात म्हणे. माणूस आत असताना बाहेर कुलूप दिसलं तर चोर खूशच होईल, हे मी स्वप्नीलला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "आबा, थोडे दिवस." हे थोडे दिवस कधी सुरू झाले ते मला आठवत नाही.

वेळ जातो तो लॅपटॉपवर. स्वप्नीलचा टाकून दिलेला लॅपटॉप मी घेतला आणि त्यात विंडोज काढून लिनक्स घातलं, स्वतःच्या हातानं. दुकानवाला म्हणत होता भंगारात द्या. प्रत्येक मशीनला एक नाव द्यावं लागतं, मी 'तानुबाई' दिलं. माझी बायको तानुबाई अशीच होती, जुनी झाली तरी कुरकुर न करता चालायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली असतील.

लिनक्सवाल्या मराठी माणसांचा एक ग्रुप आहे. त्यात दोन खोल्या. 'मदत' खोलीत अडचणी सोडवायच्या आणि 'पार' खोलीत गप्पा मारायच्या. खरी नावं कोणी लावत नाही. मी 'जुना फ्यूज'. सगळे मला फ्यूजभाऊ म्हणतात, कारण कोणाचंही बंद पडलेलं मशीन मी इथे बसून चालू करून देतो. ग्रुप सांभाळतो तो ललित, अमळनेरचा, कॉलेजात लॅब बघतो. आज पारावर मांजरीची गोष्ट सांगितली. कंट्रोल रूमच्या खुर्चीत मांजर व्यायली आणि खुर्चीतून तिला उठवायचं कोणाच्या जिवावर येईना, म्हणून मी अख्खी शिफ्ट उभ्यानं केली. पुढचा माणूस आला तेव्हा म्हणालो, चार्ज माझ्याकडून नको, बाईंकडून घे. सगळे खूप हसले.

एकच गोष्ट मनाला लागून आहे. तानूचा फोल्डर सापडत नाही. तिचे फोटो आणि तिचा आवाज त्यात आहे. स्वयंपाक करताना ती बोलायची, ते मी गुपचूप फोनवर भरून घेतलं होतं. पाडव्याच्या सुमारास सारिकानं शाळेच्या कामाला लॅपटॉप घेतला होता, तेव्हापासून गायब आहे. विचारलं तर ती स्वप्नीलकडे बघते. मी पण कंट्रोल रूममधला माणूस आहे, कोण कोणाकडे कधी बघतं ते मला कळतं.

९ एप्रिल, बुधवार

मदत खोलीत एक नवा आला. नाव घेतलंय 'शेवभाजी'. पारावर आधी चौकशी केली, "तुम्ही खान्देशना शेतस का?" तर म्हणे, "हाव भाऊ, खान्देशनाच शे." बरं वाटलं. पुण्याची पोरं भरीतमधे टोमॅटो घालायच्या गोष्टी करतात, त्यांच्यात एक तरी आपला माणूस आला.

अडचण अशी. त्याच्या घरात एक वडीलधारे आहेत. मशीनचा सगळा ताबा त्यांच्याकडे. बसल्या बसल्या साफसफाई करतात आणि नको ते पुसून टाकतात. एक फोल्डर असा हवा की त्यांना उघडता यावा, बघता यावा, पण पुसता येऊ नये. आणि त्यांना वाईट वाटू नये.

मी म्हटलं, दोन्ही एकदम होणार नाही, मशीनला वाईट वाटण्याचं कलम नाही. पहिली गोष्ट, इतक्या वयाच्या माणसाला ॲडमिनचा ताबा दिलाच कोणी? ललितनं मला जरा जपून बोलायला सांगितलं. मी म्हटलं, मी त्याच वयाचा आहे, मला अधिकार आहे. काही म्हातारी माणसं हातात किल्ली आली की प्रत्येक कुलपात घालून बघतात.

मग नीट सांगितलं. फोल्डरची मालकी ॲडमिनच्या नावे करायची. बाकीच्यांना फक्त वाचायची परवानगी ठेवायची. आणि फोल्डर त्या गृहस्थांच्या स्वतःच्या जागेत ठेवायचाच नाही, बाहेर ठेवायचा. त्यांच्या जागेत ठेवला तर पुसता नाही आला तरी त्याचं नाव बदलता येतं. म्हातारा नाव बदलून ठेवेल, विसरेल, आणि फोल्डर चोरीला गेला म्हणून सुनेच्या नावानं बोंब मारेल. असले नमुने मी खूप पाहिलेत.

शेवभाजीनं बऱ्याच वेळानं फक्त हात जोडल्याची खूण टाकली.

११ एप्रिल, शुक्रवार

ऊन असं की खिडकीचा गज धरवत नाही. कूलरमध्ये पाणी भरून सारिका गेली. चहा करावा म्हटलं तर शेगडी पेटेना. ही बया जाताना सिलिंडर खालून बंद करून त्यावर काहीतरी खटका लावून जाते. थर्मासमध्ये चहा ठेवते, तो दुपारपर्यंत औषधासारखा लागतो. गॅस वाचवून कोणाचं भलं होणार आहे कोण जाणे. मी काही बोललो नाही, पण चहा मोरीत ओतला.

शेवभाजीला विचारलं, जमलं का? म्हणे, जमलं नाही, कारण ॲडमिनचा पासवर्ड त्यांनाच माहीत आहे. आम्ही जे बंद करू ते ते उघडतील.

मी लिहिलं, "म्हणजे म्हातारा हुशार आहे."

त्यानं लिहिलं, "खूप. आमच्या घरात त्यांच्याइतकं कोणालाच कळत नाही. तीच अडचण आहे."

मग तो पारावर आला आणि मन मोकळं केलं त्यानं. मागच्या महिन्यात वडील भर दुपारी घरातून निघून गेले. सगळीकडे शोधलं. शेवटी बसस्टँडवर सापडले, हातात जेवणाचा डबा, जुन्या नोकरीच्या गावाची बस कधी आहे म्हणून कंडक्टरशी वाद घालत होते. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झालीत. घरी आल्यावर त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं, उलट डबा कुठे गेला म्हणून सुनेवर रागावले.

मग मीच लिहिलं, "भाऊ, अशा माणसाला एकटं सोडू नये. बाहेरून कुलूप लावत जा. आमच्याकडे चोरांसाठी लावतात, माणसाला काही होत नाही, सवय होते." त्यानं "बरं" म्हटलं. पोरगा चांगला वाटतो. त्या घरात राहणं सोपं नसणार.

माझाही डबा बरेच दिवस दिसत नाही. आज सारिकाला विचारीन.

१३ एप्रिल, रविवार

आज दोघं घरी, म्हणून कुलूप नाही. दार उघडं असलं की मला बाहेर जावंसंही वाटत नाही, नुसतं उघडं बघायला आवडतं. स्वप्नीलनं शेवभाजी केली. हे एवढं एकच त्याला येतं, तानूनं शिकवलेलं. काळा मसाला, वर तर्री, आणि शेव अगदी शेवटी. जेवण झाल्यावर तो बाल्कनीत फोन घेऊन बसला, मी आत लॅपटॉप घेऊन.

पार भरला होता. भरीतात शेंगदाणे घालावेत की नाही यावर जुंपली होती. मी लिहिलं, "भरीतमा शेंगदाणा कोन टाकस? कच्ची कांद्यानी पात टाका आनि गप बसा." शेवभाजी माझ्या बाजूनं होता. रंगात येऊन मी आजवर कोणाला न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. कंट्रोल रूमच्या खुर्चीत मांजर व्यायली होती ती. ललित म्हणाला, "फ्यूजभाऊ, ही गोष्ट कितीही वेळा ऐकली तरी मस्तच." कितीही वेळा म्हणजे काय ते मला कळलं नाही. कौतुकानं माणूस काहीही बोलतो.

शेवभाजी मात्र मधेच निघून गेला. हसला नाही, काही नाही.

थोड्या वेळानं स्वप्नील बाल्कनीतून आत आला. फोन हातातच होता. माझ्याकडे आणि लॅपटॉपकडे बघत दारातच उभा राहिला. मी म्हटलं, काय झालं रे? तो म्हणाला, "आबा, अजून थोडी भाजी आहे." मी नुकताच जेवलो होतो. तरी त्यानं वाटी भरून आणली आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिला. बँकेत काही झालंय का याचं, कोण जाणे.

१६ एप्रिल, बुधवार

शेवभाजी दोन-तीन दिवस गप्प होता. मी चौकशी केली, म्हटलं, म्हाताऱ्यानं मशीन खाल्लं की काय? आज आला, पण मदत खोलीत नाही, पारावर. आणि विचारलं ते मशीनबद्दल नव्हतंच.

"फ्यूजभाऊ, त्यांच्या जागी तुम्ही असता, तर हे तुम्हाला सांगून केलेलं आवडलं असतं की न सांगता?"

प्रश्न चांगला होता, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. गॅलरीत गेलो. खाली रसवंतीवाल्याचा घुंगरू वाजत होता. परत येऊन लिहिलं, "न सांगता केलं असतं तर मी त्या मुलाचं तोंड पाहिलं नसतं. किल्ली हिसकून घेतली की माणूस चोर होतो. मागितली की देतो. आमच्याकडे चार्ज देतात, काढून घेत नाहीत."

तो म्हणाला, "मागायची कशी? तोंडच उघडत नाही."

मी लिहिलं, "मग बाप काय कामाचा? एवढं न बोलता त्याला कळलं पाहिजे."

हे लिहून मला स्वतःचंच कौतुक वाटलं. रिटायर झालो तरी दोन शब्द सांगण्याजोगा आहे मी अजून.

संध्याकाळी सारिका घरी आली तेव्हा फोल्डरवरून पुन्हा बोललो. जरा जास्तच बोललो असेन. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

१८ एप्रिल, शुक्रवार

दोनदा वही उघडली आणि मिटली.

ग्रुपचा नियम आहे, टर्मिनलमधला, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतला मजकूर टाकायचा तर आधी नाव झाकायचं. शेवभाजी नेहमी झाकतो. आज त्यानं विचारलं, ॲडमिन म्हणून कोणाकोणाची नावं लागलीत ते असं दिसतंय, पुढे काय करू? आणि खाली सगळा मजकूर जसाच्या तसा. मी सवयीनं खेकसलो, "भाऊ, नाव झाकायला विसरलात." पाठवून झालं आणि मग वाचलं.

ओळीच्या सुरुवातीला वापरणाऱ्याचं नाव असतं, पुढे मशीनचं. तिथे आधी 'आबा' होतं. पुढे 'तानुबाई'.

आधी वाटलं, असेल कोणाकडे दुसरी. मग खाली ॲडमिनच्या यादीत एकच नाव, आबा. मजकूर परवा सकाळचा होता. मी अंघोळीला जातो त्या वेळचा.

त्याचं उत्तर आलं. "विसरलो नाही, फ्यूजभाऊ."

मग मी वर सरकत गेलो. मागचं वाचत नाही म्हणतो ना मी, आज सगळं वाचलं. साफसफाई करणारा म्हातारा. सुनेच्या नावानं बोंब मारणारा नमुना, हे माझेच शब्द. बसस्टँड. कंडक्टर. डबा. मी डोळे मिटून बसस्टँड आठवायचा खूप प्रयत्न केला. काहीच नाही. तिथे मी गेलो होतो म्हणतात, आणि माझ्याकडे त्याचा एक तुकडा नाही. मला भीती वाटली. कंट्रोल रूममध्ये एवढी वर्षं काढली, दिवे लाल झाले, सायरन वाजले, पण अशी भीती कधी वाटली नव्हती, कारण तिथे निदान दिवा लागायचा.

दारापाशी गेलो. कुलूप बाहेरून होतं. कडी ओढून पाहिली, उगाच. हे कुलूप लावायला मीच सांगितलं होतं त्याला. त्याआधीही होतंच म्हणा.

कपाटाच्या अगदी वर, हात पोचणार नाही अशा जागी, माझा डबा दिसला.

१९ एप्रिल, शनिवार

रात्र तशीच गेली. सकाळी चहा देताना सारिकाकडे बघवेना. म्हणालो, "बेटा, चहा चांगला झालाय." ती थबकली. कपात काही पडलंय का म्हणून वाकून बघितलं तिनं.

स्वप्नीलनं चहा उभ्यानंच संपवला. तो कामावर गेला. मी मशीन उघडलं. जे तोंडानं होईना ते तिथे होतं.

मदत खोलीत सगळ्यांसमोर मी शेवभाजीला विचारलं, त्या फोल्डरात आहे काय?

उत्तर आलं, "आईचा आवाज."

"पुसला कोणी?"

पलीकडे काहीतरी लिहिलं जात होतं, थांबत होतं, परत लिहिलं जात होतं. मग आलं, "माझ्याकडून पुसला गेला. एक कॉपी दुसरीकडे होती, ती वाचली. ती शेवटची आहे. म्हणून परत ठेवायला भीती वाटते."

खोटं बोलायला तो तानूकडून शिकलाय. पोरानं परीक्षेत दिवे लावले तरी ती सांगायची, पेपरच अवघड होता हो. आणि मी बारा दिवस, नाही, बारा की किती, त्या पोरीला चोर ठरवत होतो. पुसणारा हात माझाच.

ललित म्हणाला, फ्यूजभाऊ, उपाय सांगा ना, अडलंय त्यांचं. उपाय मला माहीत आहे. आणि आणखी एक गोष्ट माहीत आहे, ती मी शेवभाजीला सांगितलेली नाही. मशीन चालू होताना एक बटण दाबून धरलं की मागच्या दारानं आत जाता येतं, पासवर्ड न देता, पूर्ण ताब्यानिशी. त्यानं पुढची सगळी दारं बंद केली तरी हे एक माझ्यासाठी उघडं राहील. सांगितलं नाही तर त्याला कधी कळणार नाही.

दिवसभर हाच विचार. घराचं दार माझ्या हातात नाही. गॅस नाही. औषध गिळलं की नाही ते सारिका तोंड उघडायला लावून बघते, मी ते रक्तदाबाचं समजत होतो. या एका मशीनवर मी मालक आहे. तिथे मी "कर" म्हटलं की होतं. तेही द्यायचं म्हणजे मग माझ्याकडे काय राहिलं? मला नाही द्यायचं. असं इथे लिहून ठेवतो, कोणाला सांगायचं नाही.

ग्रुपवर लिहिलं, "उद्या सांगतो."

२० एप्रिल, रविवार

अजून लक्षात आहे. उठल्या उठल्या तपासलं, लक्षात आहे. उद्याचा भरवसा नाही, म्हणून आजच.

जेवणाआधी स्वप्नीलला हाक मारली. म्हटलं, खुर्ची घेऊन बस इथे. तो बसला. बोटं मांडीवर आवळून धरली होती त्यानं, दहावीच्या निकालाला धरली होती तशीच. मी शेवभाजी म्हटलं नाही, तो फ्यूजभाऊ म्हणाला नाही.

मी म्हटलं, आधी दुसरा ऑपरेटर उभा करायचा, मग पहिल्यानं उठायचं. खुर्ची रिकामी ठेवायची नाही. पहिल्याला आधी काढलं तर मशीनला कोणीच मालक उरत नाही, मग रडत बसा. त्याच्या नावानं नवं खातं काढलं, ॲडमिनच्या यादीत घातलं. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा मी तोंड खिडकीकडे केलं.

"मला सांगू नकोस. मी कितीही मागितला तरी."

"आबा—"

"तानूची शपथ घालीन, रडीन, शिव्या देईन. तरी नाही."

त्यानं मान हलवली. मग मी त्याला मागचं दार दाखवलं, ते बटण, आणि ते बंद कसं करतात तेही. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं असावं की हे सांगायची मला गरज नव्हती. त्यानं दार बंद केलं, मी बरोबर झालंय का ते तपासलं.

शेवटची कमांड मी टाइप केली. ॲडमिनच्या यादीतून आबाला काढून टाका, एवढाच तिचा अर्थ. बोट बटणावर ठेवलं आणि तसाच बसलो. सारिका दारात येऊन उभी होती, हाताला पीठ. मी बटण दाबलं.

"चार्ज दिला," मी म्हटलं.

तो पडद्याकडेच बघत राहिला. लहान होता तेव्हा कॉलनीच्या फाटकावर सायकल माझ्या हातात देताना हाच खेळ खेळायचा, त्याला सगळं माहीत होतं. मी म्हटलं, बोल की रे, तू बोलल्याशिवाय मला उठता येत नाही.

"चार्ज घेतला, आबा."

मग त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि फोल्डर ठेवला, मी सांगितलं होतं तसा, माझ्या जागेच्या बाहेर. मी परीक्षा म्हणून एक फोटो पुसायला गेलो. पडद्यावर आलं, परवानगी नाही. पुन्हा केलं. परवानगी नाही. छातीत कुठेतरी दुखलं आणि मोकळंही वाटलं.

आवाज लावला. कुकरची शिट्टी, भांडी, मागे मी काहीतरी पाडल्याचा आवाज, आणि तानू:

"तुम्ही हात लावू नका. मी करस ना बठ्ठं."

सगळं तीच करायची. आम्ही तिघंही ते ऐकत बसलो. पोळ्या गार झाल्या.

२४ एप्रिल, गुरुवार

तानूचा फोल्डर सापडला. भलत्याच जागी होता. सारिकानं हलवला असणार आणि आता गुपचूप परत ठेवला. मी काही बोललो नाही, सापडला ना, झालं. दुपारभर ऐकला. ऊन फार आहे.

५ मे, सोमवार

आज मशीननं डोकं फिरवलं. खूप दिवसांनी साफसफाईला बसलो. जुना कचरा फार साठलाय. पण जिथे हात घालावा तिथे एकच, परवानगी नाही. माझाच पासवर्ड, माझंच मशीन, मीच नाव ठेवलेलं, आणि मला म्हणतं तुमचं नाव यादीत नाही. सारिकानं काहीतरी केलं असणार.

मी काही कच्चा नाही. मशीन बंद करून चालू केलं आणि ते बटण दाबून मागच्या दारानं आत जायला गेलो. तेही बंद. हे दार शंभरातल्या नव्वदांना माहीत नसतं. ज्यानं कोणी ते बंद केलं तो माणूस कामाचा आहे, एवढं मात्र खरं.

शेवटी मदत खोलीत गेलो. एवढ्या वर्षांत मी तिथे पहिल्यांदाच स्वतःसाठी मदत मागितली. लिहिलं, "माझ्याच मशीनवर मला परवानगी नाही. कोणीतरी माझा ताबा काढून घेतलाय. दारालाही बाहेरून कुलूप आहे. काय करावं?"

ललित लिहायला लागला आणि थांबला. मग त्या शेवभाजी नावाच्या माणसाचं उत्तर आलं.

"काढून घेतला नाही, फ्यूजभाऊ. चार्ज तुम्ही स्वतः दिलात. मी घेतलाय. खुर्ची रिकामी नाही."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. हा कोण, मला नीट आठवेना. खान्देशचा आहे एवढं आठवलं. पण बोलण्याची रीत आपल्या कंट्रोल रूमची आहे, आणि त्या रीतीनं कोणी खोटं बोलत नाही. राग कुठे गेला कळलं नाही. मी लिहिलं, "मग ठीक आहे. नीट लक्ष ठेव. पोरगा चांगला आहेस."

त्यानं हात जोडल्याची खूण टाकली.

चार्ज दिला म्हणजे आपली शिफ्ट संपली, आता घरी जायचं. तानू वाट बघत असेल. मशीन बंद केलं, चपला घातल्या. डबा तेवढा मिळत नाही. दाराशी खुर्ची घेऊन बसलोय. बाहेरून कोणी उघडलं की निघतो.